फिन दिसायला की निववायला?

कल्याणकडून येणारा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो तो शीळफाटा. तिथल्या कंटेनरांच्या रांगेत अडकून पडणे कल्याण-डोंबिवलीच्या शिक्षकांना नवे नाही. अशाच एका खोळंब्यात आमच्या शेजारी एक जुनी बुलेट उभी होती. मालकाने मोठ्या हौसेने दाखवले : गाडी पडून हेडच्या तीन फिना तुटल्या होत्या, त्या अशा बनवून घेतल्या आहेत की सांधा शोधून सापडणार नाही. खरोखरच सापडला नाही. कशाने बनवल्या, असे विचारल्यावर कळले की इपॉक्सीची लांबी भरून, घासून, वर रुपेरी रंग मारला आहे. जुन्या गाड्यांच्या रॅलीत या कामाला शाबासकीही मिळेल. आमच्या मते मात्र ही दुरुस्ती नव्हे. तसे का म्हणतो ते सांगायला हवे, कारण हा दोष काही अंशी आपल्या शिकवण्याकडेही येतो.

बुलेट मद्रासला तयार होऊ लागली 1955 साली. पुढे कित्येक दशके तिचा सिलिंडर बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असे. ज्वलन हेडखाली होते, जळालेला वायूही हेडमधूनच बाहेर पडतो. म्हणून सर्वांत तापणाऱ्या भागाला अधिक सुवाहक धातू. बिडाची उष्णतावाहकता साधारण 50 वॅट प्रति मीटर-केल्विन, तर ओतीव ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची 120 ते 160. आणि इपॉक्सीची? सुमारे 0.2! म्हणजे ॲल्युमिनियमच्या तुलनेत काही शेकडा पटींनी कमी.

नुसत्या आकड्याने बोध होत नाही, म्हणून थोडे गणित करू. अडीच मिलिमीटर जाड आणि तीन सेंटिमीटर रुंद फिन घेतली आणि गाडी बऱ्यापैकी वेगात आहे असे धरले, तर ॲल्युमिनियमच्या फिनेचे टोक हवेपेक्षा जितके गरम असते ते मुळाच्या जवळजवळ नव्वद टक्के भरते. सबंध फिन राबते. तेच टोक इपॉक्सीचे असेल, तर सांध्यापासून दोन-तीन मिलिमीटरांतच उष्णता विझत जाते. पुढचा भाग नुसता दागिना. लांबीत धातूची पूड असली तरी फरक थोड्या मिलिमीटरांचाच.

मग त्या मालकाचे इंजिन जळणार का? नाही. इथे आमचेच म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते. एवढ्या हेडच्या फिनांचे पृष्ठफळ, दोन्ही बाजू धरून, हजार चौरस सेंटिमीटरांच्या वर सहज जाते. त्यातले पाच गेले तर अर्ध्या टक्क्याचा प्रश्न. अशी फिन तुटकीच ठेवून, कड कानशीने गोल करून, तडा पुढे सरकू न देणे हे अधिक प्रामाणिक काम. खरा शत्रू वेगळाच आहे. फिना वाऱ्याच्या जिवावर चालतात आणि शीळफाट्याच्या रांगेत वारा नसतो. (चेतक स्कूटरला त्यासाठी पंखाच होता.) त्यात ट्रकांची धूळ गळक्या तेलावर बसून फिनांच्या फटी बुजवते. तो थर रॉकेल आणि ब्रशने काढला तर जेवढे निववणे परत मिळेल तेवढे तीन नव्या टोकांनी मिळणार नाही. पण चिखल काढल्याची शाबासकी कोण देतो?

एक्झॉस्टकडच्या फिना मुळापासून गेल्या असतील तर मात्र धातूच भरावा लागतो. आर्गन वेल्डिंगवाला इथे कसाला लागतो. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांच्या वर तापमान लागते. म्हणून प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात : एका अर्ध्या आवर्तनात पापुद्रा फुटतो, दुसऱ्यात धातू वितळतो. शिवाय लोखंडासारखे हे लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळते. वर्षानुवर्षे छिद्रांत मुरलेले तेल आधी काढले नाही तर जोड फसफसतो. हेड आधी सगळीकडून सारखे तापवावे लागते, पण बेताने. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठका सैल होण्याची भीती असते. असा जोड बहुधा ओबडधोबड दिसतो. तरी आम्ही त्यालाच जास्त गुण देऊ.

आता आपल्याकडे वळू. मेणाने टाचण्या चिकटवलेली सळई तापवून आपण कोणता धातू सुवाहक ते दाखवतो आणि धडा संपवतो. सळई मध्ये तुटून सांधली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण विचारत नाही. साहजिकच ‘पृष्ठफळ वाढले की थंड होते’ एवढेच वाक्य घेऊन मुले बाहेर पडतात, आणि लांबीची फिनही त्या वाक्यात चपखल बसते!

विचारायचा असेल तर सामान कमी लागते. ॲल्युमिनियमच्या दोन मिलिमीटर जाड दोन पट्ट्या घ्या. एकीचे वरचे टोक कापून तिथे तेवढ्याच जाडीचा इपॉक्सीचा तुकडा ओतून जोडा व रात्रभर सुकू द्या. दोन्ही पट्ट्या पुठ्ठ्याच्या झाकणातील फटींतून उकळत्या पाण्यात उभ्या करा, म्हणजे वाफ वर लागणार नाही. सांध्याखाली एक आणि सांध्यावर एक सेंटिमीटरवर एक, असे मेणाचे ठिपके दोन्ही पट्ट्यांवर सारख्या उंचीवर ठेवा. सबंध पट्टीवरचे दोन्ही वितळतील. सांधलेल्या पट्टीवर खालचा ओघळेल, वरचा तसाच बसून राहील. दोन्ही पट्ट्यांना आधीच रुपेरी रंग मारून ठेवला, तर वर्गाला आधी ओळखायला सांगता येईल.