गळती कोणाची? हेमलकसा परिसर आणि शाळा सोडणाऱ्या मुलांविषयीचे गुणात्मक संशोधन : एक चिकित्सा

शिक्षणशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘गळती’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील रूपकाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालाने प्राथमिक टप्पा पूर्ण होण्यापूर्वीच मुलाला शाळेतून काढून घेण्याच्या प्रकारास ‘अपव्यय’ म्हटले आणि एकाच इयत्तेत अडकून पडण्यास ‘स्थगिती’. पुढे मराठीत अपव्ययाच्या जागी गळती हा शब्द रूढ झाला. तो मूळ संज्ञेपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. मराठीत घागर गळते, छप्पर गळते आणि दुरुस्तीही घागरीची व छपराचीच करावी लागते. प्रश्नावलीवर आधारलेल्या अभ्यासांनी मात्र तपासणी केली ती बव्हंशी पाण्याची : पालक निरक्षर, घरची गरिबी, मुलास अभ्यासाची आवड नाही.

या पद्धतीच्या मर्यादा गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात विशेष स्पष्ट होतात. आल्लापल्लीच्या पुढे घनदाट जंगलात वसलेल्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. परिसरातील माडिया गोंड समाजाची भाषा माडिया. ती द्रविड कुळातील असून मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. रुग्णावर उपचार करण्यासाठी डॉक्टरांना आधी माडिया शिकावी लागली, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. कोठे दुखते हे रुग्णाच्याच भाषेत विचारावे लागते, हे वैद्यकाला उमगले. शाळा का सोडली हे मुलाच्या भाषेत विचारण्याची निकड शैक्षणिक संशोधनाला मात्र क्वचितच भासली.

संशोधक मराठी अनुसूची घेऊन येतो आणि दुभाषा म्हणून बहुधा शाळेतीलच शिक्षक पुढे होतो. येथेच साधनाची विश्वसनीयता संपते. ज्या संस्थेतून मूल निघून गेले त्याच संस्थेचा प्रतिनिधी त्याच्या उत्तराचे भाषांतर करीत असेल, तर ते उत्तर अनुसूचीतील तयार रकान्यात जाऊन बसणारच. मुलाचे दीर्घ मौन, वडिलांकडे पाहणे, अर्धवट वाक्य या सर्वांचे मिळून ‘अनास्था’ होते. गुणात्मक म्हणविल्या जाणाऱ्या अभ्यासांत नमुना लहान असतो, एवढ्यावरच गुणात्मकतेचा दावा केला जातो, ही आणखी एक खेदाची बाब. वीस मुलांना बंद प्रश्न विचारले म्हणून संशोधन गुणात्मक होत नाही. ते केवळ अपुरे संख्यात्मक होते.

तुलनेसाठी पॉल विलिस यांचा १९७७ चा ‘लर्निंग टू लेबर’ हा ग्रंथ पाहता येईल. इंग्लंडमधील एका औद्योगिक नगरातील १२ कामगारपुत्रांसमवेत विलिस शाळेत वावरले आणि पुढे ती मुले कामावर रुजू झाल्यावरही त्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. मुलांच्या शाळाविरोधात एक सुसंगत समज आहे, हे त्यांना या सहवासातून दिसले. हेमलकशाला हा निष्कर्ष लागू करणे चूक ठरेल, कारण येथे कारखाना नाही आणि कामगारवर्गाची ती परंपराही नाही. घ्यायची ती चिकाटी. भारतात १९९९ च्या ‘प्रोब’ अहवालाने उत्तरेकडील राज्यांत पालकांच्या अनास्थेची समजूत निराधार ठरविली होती. तरीही ‘पालकांची उदासीनता’ हा रकाना अनुसूचीतून हललेला नाही.

कालगणनेचा प्रश्न याहून मूलभूत आहे. मोहफुले वेचण्याचा हंगाम मार्च-एप्रिलचा, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेचा. कुटुंबाच्या वर्षभराच्या गरजेशी निगडित असलेल्या या कामात लहान हातही लागतात. हजेरीपटावर मात्र ती गैरहजेरी ठरते आणि लांबली की मूल शाळाबाह्य होते. परतण्याच्या उद्देशाने गेलेले मूल आणि कायमचे गेलेले मूल यांत हजेरीपट भेद करीत नाही. संशोधकाने तो करावयास हवा. ४ जुलै २०१५ रोजी शासनाने शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण एकाच दिवसात उरकले. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात जुलैतील एका दिवसाच्या मोजणीला कितपत अर्थ असावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शाळेने मुलाच्या दिनक्रमाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे वारली मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे चारणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच कुरणात गेली. निवासी आश्रमशाळेची रचना याच्या नेमकी उलट आहे. ती मुलाला घरापासून उचलते. दूरवरच्या विरळ वस्त्यांचा विचार करता तिला सोपा पर्याय नाही, हे मान्य करावे लागेल. हेमलकशाच्या शाळेतून शिकून डॉक्टर, शिक्षक झालेली माडिया मुले या रचनेचे सामर्थ्य दाखवितात. परंतु यशस्वी विद्यार्थ्यांच्या कथा जितक्या सांगितल्या गेल्या, तितक्या वसतिगृहातून पळून गावी परतलेल्या मुलाच्या सांगितल्या गेल्या नाहीत. पळून जाणे हेही एक उत्तरच होय, आणि त्याला दुभाषा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर नोंदीच मुक्या आहेत. विलिस यांच्या ग्रंथावरही मुलींच्या अनुपस्थितीचा आक्षेप घेतला गेला होता. पाळीच्या दिवसांत माडिया स्त्रिया गावातील वेगळ्या कुर्मा घरात राहतात. या प्रथेचा किशोरींच्या शाळेत येण्याशी वा शाळा सोडण्याशी कोणता संबंध आहे, हे गृहीत धरून चालणार नाही. आणि ते पुरुष संशोधकाच्या छापील अनुसूचीला समजणारही नाही. माडिया बोलणाऱ्या, त्याच परिसरात शिकलेल्या तरुणींना संशोधक म्हणून घडविल्याखेरीज हा भाग अज्ञातच राहील.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण आले. २०१९ च्या दुरुस्तीने ते शिथिल होईपर्यंतच्या काळात मूल वर्गामागून वर्ग चढत राहिले आणि स्थगिती कागदावरून नाहीशी झाली. मराठी वाचनात अडखळणारा मुलगा नववी-दहावीला पोहोचतो, परीक्षेस बसतो, अनुत्तीर्ण होतो आणि गावी परततो. प्राथमिक शिक्षण त्याने पूर्ण केलेले असल्यामुळे हार्टोग समितीच्या व्याख्येत तो बसत नाही. प्राथमिक स्तरावरील गळतीच्या कोणत्याही तक्त्यात त्याचे नाव नाही.