टक्क्यांचे भाकीत आणि चेहऱ्यावरचा डाग

चेहऱ्यावर जन्मापासून असलेला लालजांभळा, सपाट डाग लेझरने जातो का, असे पालक विचारतात. उत्तर बहुधा टक्क्यांत मिळते. त्या टक्क्यांविषयी आमची तक्रार आहे.

पोर्ट-वाइन स्टेन नावाचा हा डाग हजारात सुमारे तीन अर्भकांना असतो. त्वचेतील केशवाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असतात. बहुतेकदा याचे मूळ गर्भावस्थेत एका जनुकात झालेल्या बदलात असते, हे २०१३ साली समजले. (ग्रहण पाळले नाही म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

उपचारामागचे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडले. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, रक्त तापते आणि वाहिनीची भिंत भाजते. मात्र उष्णता भोवती पसरण्याआधी प्रकाशाचा स्पंद संपायला हवा. हा अवधी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट, तर अवधी चौपट. साहजिकच एकच स्पंद सगळ्या वाहिन्यांना लागू पडत नाही. फार बारीक वाहिनी स्पंद चालू असतानाच उष्णता गमावते. खोलवरच्या वाहिनीपर्यंत पुरेसा प्रकाशच पोचत नाही.

डागाच्या रंगावरून अंदाज बांधणे सोपे खरे. पण डोळ्यांना दिसणाऱ्या रंगात वाहिन्यांचा व्यास, खोली आणि संख्या यांची सरमिसळ असते, आणि रंगाबद्दल निरनिराळ्या अभ्यासांचे एकमत नाही. जागा त्याहून भरवशाची. कपाळ, चेहऱ्याची कड, मान येथे गुण चांगला येतो. गालाचा मधला भाग आणि वरचा ओठ दाद देत नाहीत. लहान वयात उपचार केल्याचा फायदा १९९८ सालच्या डच अभ्यासात आढळला नव्हता. इतर काहींना तो आढळला आहे.

आमचा मुख्य आक्षेप मोजमापावर आहे. ‘७५ टक्के फिकट’ हे पुष्कळदा छायाचित्रे पाहून नजरेनेच ठरवलेले असते. शिवाय ते कधी ठरवले? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डच पाहणीत, उपचारानंतर सुमारे दहा वर्षांनी डाग सरासरीने पुन्हा थोडे गडद झालेले दिसले. मूळ डागापेक्षा मात्र ते फिकटच होते. मग भाकीत पुढच्या महिन्याचे की दहा वर्षांनंतरचे?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही हाच प्रकाश शोषते. त्यामुळे वरची त्वचा भाजू नये म्हणून ती थंड ठेवून प्रकाशाची मात्रा जपून द्यावी लागते. गोऱ्या त्वचेवरून काढलेली टक्केवारी इथल्या पालकांना जशीच्या तशी सांगणे आम्हाला मान्य नाही.