सेट मोडू नका

विज्ञानपटांच्या चाहत्यांनी केलेल्या म्हणून ज्या फिल्म्स अलीकडे समोर येत आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा बघवत नाहीत. संगणकाला चार ओळी टाइप करून द्यायच्या, त्याने 'स्टार ट्रेक'मधल्या 'एन्टरप्राइज' जहाजाचा ब्रिज, म्हणजे नियंत्रणकक्ष, आणि जुन्या नटांचे चेहरे तयार करून द्यायचे, आणि ते 'फॅन फिल्म' म्हणून मिरवायचे. ब्रिज हुबेहूब दिसतो. पण कॅप्टन कर्क खुर्चीत बसतो तेव्हा खुर्ची दबत नाही, कठड्याला धरतो तेव्हा बोटे कठड्यात शिरतात, आणि एवढ्या लुकलुकणाऱ्या दिव्यांपैकी एकाचाही उजेड त्याच्या गालावर पडत नाही. उद्या तंत्र सुधारेल, बोटे जागेवर राहतील. माझा आक्षेप तरीही राहील. या कलेचा जीव लाकूडकामात आहे, आणि तेच कुणाला करायचे नाही.

जेम्स कॉलीची गोष्ट या प्रांतात सर्वांना ठाऊक आहे. एल्विस प्रेस्लीच्या वेशात कार्यक्रम करून पैसे मिळवणारा माणूस. 'स्टार ट्रेक'च्या 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेच्या वेशभूषा विभागात उमेदवारी करताना त्याला वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्याकडून मूळ मालिकेच्या सेटच्या आराखड्यांच्या प्रती मिळाल्या. त्यांवरून त्याने न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, टायकॉन्डरोगाच्या परिसरात, सगळा डोलारा उभा केला. 'न्यू व्हॉयेजेस' या त्याच्या फॅन-मालिकेचा पहिला भाग २००४ साली आला. अभिनय कच्चा होता, संवाद अडखळत होते. पण सेट खरा होता, आणि पुढे त्या सेटने माणसे खेचून आणली. २००७ च्या 'वर्ल्ड इनफ अँड टाइम'मध्ये मूळ मालिकेतले जॉर्ज टाकेई पुन्हा सुलू झाले आणि त्या भागाला ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले.

हे का घडले? आराखडे हातात घेतले की कळते. मॅट जेफ्रीज यांनी मूळ सेट आखला तोच हात आखडून. ब्रिजच्या गोलाचे तुकडे सुटे होते. कॅमेऱ्याला जागा हवी असेल तिथला तुकडा ओढून बाजूला काढायचा. आपोआप सरकणारे दरवाजे आडून माणसे ओढत. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली उपकरणे म्हणजे मिठाच्या कुप्या. एका भागासाठी आणल्या होत्या, पण त्या मीठदाण्या वाटेनात म्हणून दवाखान्यात गेल्या. इंजिनरूममध्ये जाळीमागच्या नळ्या मागे जाता जाता लहान होत जातात. जागा थोडी, पण नजरेला लांबलचक दालन दिसते. म्हणजे मूळ मालिकाच प्लाय, रंग आणि युक्ती यांवर उभी होती. चाहता तसाच प्लाय कापून, तोच कोन साधून नळ्या बसवतो तेव्हा तो जेफ्रीजनी केलेलेच काम त्यांच्याच साधनांनी पुन्हा करत असतो. संगणकाच्या चित्रात ही नळ्यांची युक्ती लागतच नाही, त्यामुळे ती कुणी शिकतही नाही.

याचे सर्वांत चांगले फळ 'स्टार ट्रेक कंटिन्यूज'. विक मिन्योनाच्या या मालिकेचे अकरा भाग २०१३ ते २०१७ या काळात आले. चित्रीकरण जॉर्जिया राज्यातल्या किंग्सलँड गावी. २०१३ च्या पहिल्या वर्गणी-मोहिमेत सव्वा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. चाहत्यांच्या वर्गणीतूनच इंजिनरूम उभी राहिली. ती पडद्यावर पाहा: नट जाळीला टेकतो, तेव्हा त्याचा खांदा टेकल्यासारखा दिसतो. जहाजाला हादरा बसतो तेव्हा कठड्याला गच्च धरलेली बोटे पांढरी पडतात. सुलूच्या जागी ग्रँट इमाहारा बसला होता, जो आधी 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'मध्ये मॉडेल बनवत असे. बटण दाबणारा हात आणि बटण बनवू शकणारा हात एकच असला की फरक पडतो, असे मला ठामपणे वाटते.

बाकीच्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 'हिडन फ्रंटियर'ने पन्नास भाग केले, समलिंगी पात्रे आणण्याचे धाडस दाखवले, पण हिरव्या कापडापुढे उभ्या माणसांच्या केसांभोवतीची हिरवी कड शेवटपर्यंत डोळ्यांत खुपते. फिनलंडच्या 'स्टार रेक'मधली जहाजे भव्य आहेत, माणसे त्यांत कुठेच उभी नाहीत. 'स्टार वॉर्स'वाल्यांना एक जंगल आणि दोन लाइटसेबर पुरतात. त्यांच्यातले आर-टू हा यंत्रमानव बांधणारे मात्र अस्सल कारागीर. त्यांतल्या दोघांना 'द फोर्स अवेकन्स'च्या निर्मात्यांनी कामावर घेतले.

आता पैशाचे. 'अ‍ॅक्सनार' या फॅन फिल्मने दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी गोळा केली. तिचा २०१४ चा प्रास्ताविक लघुपट 'प्रिल्यूड' देखणा होता. नाव असलेले नट, हिरव्या पडद्यापुढची चित्रे. मग कॅलिफोर्नियात गोदाम भाड्याने घेतले, आणि २०१५ च्या डिसेंबरात 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसने खटला भरला. कबूल केलेला मोठा चित्रपट २०१७ च्या तडजोडीत पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भागांवर आला. दरम्यान २०१६ च्या जूनमध्ये कंपन्यांनी सर्वांसाठी नियम काढले: एक गोष्ट पंधरा मिनिटांत, फार तर दोन भागांत, पुढचे भाग नाहीत, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत, आणि कुणालाही मोबदला नाही.

या नियमांवर चाहते आजही चिडतात. मीही चिडतो, 'पुढचे भाग नाहीत' ही अट निव्वळ जाच आहे. पण चिडून सेट सोडून देणे हे उत्तर कसे? अर्ध्या तासाच्या एकाच गोष्टीसाठी पूर्ण ब्रिज बांधणे परवडत नाही, हे खरेच. लाकडापेक्षा जागेचे भाडे जास्त खाते, आणि चित्रीकरण नसलेल्या महिन्यांतही ते द्यावेच लागते. म्हणूनच सेट एकाचा असून चालणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या आपल्या हौशी संस्था एकमेकींकडून फ्लॅट आणि लेव्हल्स मागून आणतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तसेच इथे एकाने ब्रिज सांभाळावा, दुसऱ्याने ट्रान्सपोर्टर, तिसऱ्याने गणवेश. दहा गटांनी आळीपाळीने येऊन चित्रीकरण करावे. पन्नास हजारांची मर्यादा मग जाचत नाही, कारण कुणालाच सगळे बांधायचे नसते.

किंग्सलँडला नेमके हेच घडले. 'कंटिन्यूज' संपल्यावर तो सेट एका चाहत्याने विकत घेतला आणि इतर हौशी गटांना चित्रीकरणासाठी खुला केला. टायकॉन्डरोगाला उलटे झाले. २०१६ साली सीबीएसच्या परवान्याने तिथे पर्यटकांसाठी फेरी सुरू झाली. मूळ मालिकेतले कर्क, विल्यम शॅटनरही येऊन गेले. काम देखणेच आहे, राखलेही निगुतीने आहे. पण लोक कर्कच्या खुर्चीत बसून फोटो काढतात आणि निघून जातात. 'न्यू व्हॉयेजेस' थांबली ती थांबलीच. ज्या सेटवर नवे दिग्दर्शक, नवे नट, नवे सुतार तयार व्हायला हवे होते, तो पाहण्याची वस्तू झाला. कॉलीने आयुष्याची कमाई त्यात ओतली, ती वसूल करण्याचा त्याला हक्क आहे, हे मला मान्य आहे. तरीही या दोन ठिकाणांतून निवड करायची तर मी किंग्सलँडच्या बाजूने आहे.

संगणकवाले म्हणतात, सेट परवडत नाही म्हणून आम्ही यंत्राकडे वळलो. मला ते पटत नाही. परवडत नाही ती मालकी. शनिवार-रविवारी येऊन घासकागद मारणारी माणसे, वायरिंग करून देणारा इलेक्ट्रिशियन, गणवेश शिवणारी कुणी बाई, यांना एका छताखाली आणणे कष्टाचे आहे, आणि त्या कष्टांना पर्याय मिळाला म्हणून ते टाळले जात आहेत.

तेव्हा यापुढे कुठल्याही फॅन फिल्मसाठी वर्गणी देणाऱ्यांना माझी विनंती आहे. कथा, नट, जहाजांची चित्रे हे सगळे नंतर पाहा. आधी विचारा, चित्रीकरण संपल्यावर सेट कुठे ठेवणार आणि पुढच्या गटाला तो कोणत्या अटीवर देणार? याचे लेखी उत्तर नसेल, तर पैसे देऊ नका.