'मिमी'मधल्या त्या मुलीला व्हिसा कोणी दिला?

'मिमी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लक्ष्मण उतेकरांचा, २०२१ सालचा. समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' या राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या मराठी चित्रपटावर बेतलेला. मी तो यवतमाळला घरी आत्यासोबत पाहिला. (शेवट माहीत नसेल तर इथेच थांबा.) सरोगसीतून झालेला मुलगा न्यायला परत आलेलं अमेरिकन जोडपं शेवटी त्याला मिमीकडेच ठेवतं आणि एका अनाथालयातली मुलगी दत्तक घेतं. मी डोळे पुसत होते. आत्या म्हणाली, "अशी नेता येते काय वं पोरगी? मंग आपल्या पोराले काऊन नाई नेता आलं?"

माझी पीएचडी दत्तकविधान आणि स्थलांतराचे कायदे यांवर आहे, आणि खरं सांगायचं तर ती या 'आपल्या पोरा'मुळेच सुरू झाली. आत्याच्या धाकट्या दिराचा हा मुलगा. आईवडील दोघंही गेले तेव्हा तेरा वर्षांचा होता. थोरले काका न्यू जर्सीत, तिथले नागरिक. ते २०१४ मध्ये आले, हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे विधी केला, दत्तकपत्र नोंदवलं, पेढे वाटले. आपल्याकडे भावाचं मूल घ्यायचं तर एवढंच करतात. पण व्हिसासाठी तेच दत्तकपत्र आडवं आलं.

कारण असं. हेग दत्तक करार भारतात २००३ मध्ये लागू झाला, अमेरिकेत २००८ मध्ये. तेव्हापासून दोन्ही देशांत क्रम ठरलेला आहे. आधी पालकांच्या घराची, कमाईची, तब्येतीची तपासणी, मग आय-८००ए अर्ज. मूल सुचवलं गेलं की आय-८००, त्याला तात्पुरती मंजुरी, आणि त्यानंतर दत्तकाचा आदेश. इकडे 'कारा' या केंद्रीय संस्थेचं ना-हरकत आणि शेवटी प्रमाणपत्र. मंजुरीआधीच दत्तक पूर्ण केलं, तर तेच अर्ज नाकारण्याचं कारण ठरतं. म्हणजे काकांनी जे प्रेमानं आधी केलं, तेच चुकलं. तो आदेश रद्द करून घ्या, नव्याने सुरुवात करा, असं सांगणारं कोणी भेटेपर्यंत पोरगा सोळाचा झाला. आय-८०० सोळाव्या वाढदिवसाच्या आत भरावा लागतो. अशा दत्तकपत्रांवर मूल परदेशी नेण्यासाठी 'कारा'च्या नियमांत वाट झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये.

आता परत त्या शेवटाकडे या. चित्रपटाला कागद दाखवण्याची सक्ती नसते, हे मला मान्य. क्रिती सेनन आणि पंकज त्रिपाठी दोघांनाही या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच आहेत. जोडपं पाठ फिरवतं तो भाग आजही पोटात गोळा आणतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा शेवट मिमीची सुटका करण्यासाठी एका दुसऱ्या मुलीला वापरतो आणि ती कोण, हे विचारतसुद्धा नाही. तिला बालकल्याण समितीनं दत्तकासाठी मोकळं जाहीर केलं होतं का? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्यानंतर ६० दिवस भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तरच मूल परदेशी दत्तकासाठी खुलं होतं. आदेश तेव्हा न्यायालय द्यायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडे यवतमाळच्या कलेक्टर कचेरीतून निघतो. कथेत हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

आणि इथं चित्रपट स्वतःच्याच कथेला विसरतो. हे जोडपं पोटातल्या बाळाला सोडून का गेलं होतं? चाचणीत डाउन सिंड्रोम निघाला म्हणून. आता कायद्याचं कलम ५९ बघा: परदेशी दत्तकासाठी अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना प्राधान्य देता येतं. इथल्या घरांनी न घेतलेली मुलं तिकडे जातात. ज्या मुलाला त्यांनी नाकारलं, तसंच मूल त्यांना फाइलमध्ये सुचवलं गेलं असतं. तो प्रसंग लिहिला असता तर? मला वाटतं, चित्रपट तिथं खरा मोठा झाला असता.

सरोगसीचंही तेच. कथा सुरू होते २०१३ च्या सुमारास. २०१२ मध्येच गृह मंत्रालयानं परदेशी जोडप्यांना मेडिकल व्हिसा आणि 'बाळाला आमच्या देशात प्रवेश मिळेल' असं त्यांच्या सरकारचं पत्र सक्तीचं केलं होतं. यामागे अनुभव होता. गुजरातमधल्या आणंदला २००८ मध्ये जन्मलेली एका जर्मन जोडप्याची जुळी, जर्मनी सरोगसी मानत नसल्यामुळे, दोन वर्षांहून जास्त काळ इथंच अडकली होती. 'मिमी'त व्हिसा कुठंच आडवा येत नाही.

विमानात बसलं की झालं, असंही नसतं. मुंबईच्या एका अनाथालयातून १९८९ मध्ये अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलीचे नागरिकत्वाचे कागद कोणी पूर्णच केले नाहीत. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा तिथला कायदा २००१ च्या फेब्रुवारीत लागू झाला, पण फक्त अठराच्या आतल्यांसाठी. ती तेव्हा मोठी झाली होती. पुढे एका गुन्ह्यात शिक्षा झाली आणि २००८ मध्ये तिला मुंबईत आणून सोडलं. नवरा आणि दोन मुलं तिकडेच. तिला इथली भाषाही येत नव्हती. तिचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

आत्याला मी हे सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मंग आपलं पोरगं इथंच राह्यलं थे बरं झालं का वाईट, हे सांग." मला सांगता आलं नाही. तो आता आर्णीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. काकांशी रविवारी व्हिडिओवर बोलतो, आणि आय-८०० हा नंबर त्याला अजून पाठ आहे.