‘कोर्ट’ : त्या माणसाला मारले कोणी?

मागच्या उन्हाळ्यात शारजातल्या आमच्या घरी चार कुटुंबे जमली होती. जेवणानंतर मराठी सिनेमा पाहायचे ठरले आणि मी हौसेने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लावला. अर्ध्या तासात दोघे चहाच्या निमित्ताने उठले. एका वहिनींनी विचारले, "अहो, यात काही घडणार आहे का?" शेवटपर्यंत बसलो ते आम्ही तिघेच. त्यातला एक माझा नववीतला मुलगा. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "बाबा, पण त्या माणसाला मारले कोणी?" त्याला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे त्याचीच निवड झाली. कथा एवढीच. मुंबईत वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार गटारात मरतो. पोलीस म्हणतात, ही आत्महत्या आहे आणि नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्याने त्याला तसे करायला प्रवृत्त केले! मग तारखा सुरू होतात.

शाहिराची भूमिका केलेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी यांचे काम तर विसरता येत नाही. ही बाई खलनायिका नाही. कोर्ट सुटल्यावर ती लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. आपल्या ओळखीतलीच कोणी वाटावी. आणि हीच बाई दुसऱ्या दिवशी १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यातली कलमे सपाट आवाजात वाचून दाखवते. इंग्रजांनी नाटकवाल्यांचे तोंड बंद करायला केलेला हा कायदा केंद्राच्या पुस्तकातून निघायला २०१८ साल उजाडले.

आपण परदेशस्थ मंडळी गप्पा मारताना सहज म्हणतो, "आपल्याकडे सिस्टीमच नाही." हा सिनेमा नेमके उलटे दाखवतो. सिस्टीम आहे, आणि ती चालू आहे. फाइल येते, साक्ष टंकली जाते, पुढची तारीख पडते. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर प्रोग्राम कुठेही अडकत नाही, ‘एरर’ येत नाही. फक्त त्याला जो प्रश्न सोडवायला दिला आहे तोच चुकीचा आहे. गाण्याने माणूस मेला का, यावर महिने जातात. त्याला तिथे उतरवले कोणी, हा प्रश्न कोणाच्याच फाइलवर नाही.

पवारच्या पत्नीची साक्ष हा सिनेमाचा गाभा. नवरा वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचा. आत खडा टाकायचा. झुरळे हलली तर हवा आहे असे समजायचे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. ती हे सारे न रडता सांगते. मुखवटा नाही, हातमोजे नाहीत. सुरक्षेचे साधन म्हणजे झुरळ!

आता कायदा काय म्हणतो? हाताने मैला उचलण्याविरुद्धचा १९९३ चा केंद्रीय कायदा मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ साली नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, तो लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई तिप्पट झाली, म्हणजे माणसे मरायची थांबलेली नव्हती, असाच त्याचा अर्थ.

इथे माझी सिनेमाबद्दल एक तक्रार आहे. वकील आणि न्यायाधीश यांच्या खासगी आयुष्यात कॅमेरा निवांत रेंगाळतो. त्या विधवेच्या वाट्याला मात्र साक्षीचा पिंजरा आणि वकिलाच्या गाडीतला एक प्रवास. ती पैसे घेत नाही, काम मागते. तिच्यामागे कॅमेरा आणखी थोडा गेला असता, तर मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथे मिळाले असते. दिग्दर्शकाने व्यवस्थेचा चेहरा फार बारकाईने रेखाटला, पण तिची किंमत मोजणारी बाई पुन्हा कडेलाच राहिली.

इथे अमिरातीत २००५ पासून उन्हाळ्यात दुपारच्या उघड्यावरच्या कामाला बंदी आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. मोडणाऱ्या मालकाला माणशी पाच हजार दिरहॅम दंड. हा नियम मला आवडतो, कारण तो घड्याळाकडे पाहून कोणालाही तपासता येतो आणि जबाबदार कोण, हे त्यातच लिहिलेले आहे. आपल्या २०१३ च्या कायद्यात चांगुलपणा भरपूर आहे. पण गटारावर उभा असलेला मुकादम, त्याचा ठेकेदार आणि वरचा अधिकारी यांच्यात जबाबदारी अशी वाटली जाते की शेवटी कोणाच्याच हाती ती उरत नाही. दोन्ही देशांची सरसकट तुलना मी करणार नाही. भारतात एक गरीब बाई भर कोर्टात साक्ष देऊ शकते, त्यावर सरकारला बोचणारा सिनेमा निघतो आणि त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, हीसुद्धा एक संस्थाच आहे आणि ती मोलाची आहे.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात आणि न्यायाधीश सहलीला जातात. बागेत बाकावर त्यांना डुलकी लागते. पोरे ओरडून जागे करतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. त्या रात्री आमच्याकडेही अर्धी मंडळी चहाला उठली होती, हे मला तेव्हा आठवले.

मंडळाच्या ग्रंथालयात या सिनेमाची एक प्रत ठेवावी, असे सुचवतो. मोठ्या मुलांना सोबत घेऊन पाहा. ते प्रश्न विचारतील. तेव्हा कृपा करून चहाला उठू नका.