दोन याद्या आणि एक पारडं

स्प्रिंगचा नियम हूकचा नाहीच, तो आपल्या वैशेषिकांनी हजार वर्षं आधी सांगितला होता, असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की आपण काय करतो? एक तर न वाचता पुढे सरकतो, नाहीतर काकांशी भांडतो. मी दोन्ही करून झालंय. या वेळी मात्र दोन्हीकडचं मूळ लिखाण काढून बसले.

रॉबर्ट हूकचं ‘डी पोटेन्शिया रेस्टिट्यूटिव्हा’ १६७८ मध्ये लंडनला छापलं गेलं. नावाचा अर्थ, वस्तूला मूळ स्थितीवर आणणारी शक्ती. मराठीत आपण म्हणतो स्थितिस्थापकता, म्हणजे जवळजवळ तेच. नियम त्याने त्याआधीच एका पुस्तकाच्या शेवटी छापला होता, पण १४ अक्षरं वर्णक्रमाने मांडून, कोड्यासारखा. शोधाचा मान आपला आणि युक्ती मात्र कुणाला कळू नये, असा हिशेब! उलगडा १६७८ चा: जेवढा जोर, तेवढी वाढ. वजन दुप्पट केलंत की लांबीतली वाढही दुप्पट.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडली ती तार. गुंडाळी केलेली स्प्रिंग ओढणं सोपं असतं. ती वीतभर लांबते, पण तेव्हा आतली तार ताणली जाण्यापेक्षा पिळली जात असते. सरळ तारेचं तसं नाही. साध्या मऊ पोलादाची तार हजारात एका भागापेक्षा फारशी ताणलीत तर ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणजे एका मीटरला एक मिलिमीटर. सतराव्या शतकात हे मोजायचं कसं? हूक म्हणतो, वीस, तीस किंवा चाळीस फूट तार घ्या, वर खिळ्याला टांगा, खाली पारडं बांधा. चाळीस फूट म्हणजे साधारण बारा मीटर. आता वाढ बारा मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना दिसते. इथे मी एकटीच बसून मोठ्याने ‘वा!’ म्हटलं.

पण लगेच पुढे तो घसरतो. हेच सगळ्या लवचीक वस्तूंना लागू आहे म्हणतो आणि यादी देतो: धातू, लाकूड, दगड, भाजलेली माती, केस, शिंग, रेशीम, हाड, स्नायुबंध, काच. या प्रत्येकाची मापं कुठे आहेत? पुस्तकात नाहीत.

आता प्रशस्तपादांचा ‘पदार्थधर्मसंग्रह’ उघडा, साधारण सहाव्या शतकातला. त्यात संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. (भावना म्हणजे स्मरणाला कारण होणारा ठसा. आठवण आणि धनुष्य एकाच खणात! यावर कधीतरी वेगळं लिहीन.) तिसरा कुठे दिसतो? धनुष्य, फांदी, दात, शिंग, हाड, सूत, वस्त्र. वाकवलं, गुंडाळलं, तरी परत येणाऱ्या वस्तू. शिंग आणि हाड दोन्ही याद्यांत आहेत. काकांना आनंद व्हायला हरकत नाही. ही बारीक नजर आहे, आणि इतक्या वेगळ्या वस्तूंत एकच गुण ओळखणं ही लहान गोष्ट नाही. पण ‘किती’ हा प्रश्न तिथे नाही. नियम ‘किती’मधून येतो, म्हणून तो हूकचाच.

आणि ‘किती’ विचारलं की हूकचीही यादी फाटते. तुमचाच एक केस घ्या. पहिले दोनेक टक्के तो शहाण्यासारखा नियम पाळतो, मग जवळपास त्याच जोरात लांबतच जातो, कारण आतल्या केराटिनची वेटोळी उलगडायला लागतात. शेवटी पुन्हा ताठर होतो. हूकने केसालाही तारेसारखं पारडं बांधून वाढ मोजली असती तर यादीतून केस गळला असता. ज्या माणसाने तारेसाठी चाळीस फूट उंची शोधायला सांगितली, त्याने केस नुसता लिहून टाकावा, हे मला खटकतं. मोजलं तिथे तो थोर आहे, मोजलं नाही तिथे नुसता यादी करणारा.

आपणही त्यातलेच. अकरावीच्या प्रॅक्टिकलला माझ्या आलेखातले दोन बिंदू रेघेवर बसत नव्हते. मी ते खोडून बसवले आणि पूर्ण मार्क घेतले. रेघ कुठे संपते हे कुणी विचारलंच नाही, मीही नाही.

काकांना यातलं काही लिहिलं नाही. रबरबँडला टांगलेल्या कागदी कपाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, एकेक रुपयाची नाणी टाका आणि दर वेळी लांबी लिहा. दोन दिवसांनी त्यांचा वहीचा फोटो आला. रेघ कुठेच सरळ नाही: आधी कमी लांबतो, मग भराभर, मग पुन्हा अडतो. खाली त्यांनी विचारलं होतं, ‘अगं, नाणी काढत आणताना तेवढ्याच वजनाला रबर जास्त लांब दिसतं, हे कसं?’ मी लिहिलं, ताणायला घातलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. रबर झटकन ताणून ओठाला लावून बघा, गरम लागेल. त्यांचं उत्तर आलं, ‘थांब, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याचं काढतो.’