मर्यादा कोणाच्या वाट्याला?

अर्थशास्त्राच्या ग्रंथाची परीक्षा विद्यापीठाच्या वर्गात होते, तशी ती नदीच्या काठीही व्हावी, असे आम्हांस वाटते. जे. सी. कुमारप्पा यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ (१९४५) आणि अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांचा ‘स्टेडी-स्टेट इकॉनॉमिक्स’ (१९७७) हे दोन ग्रंथ आम्ही भोर-वेल्ह्याचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाचले. दोहोंचा प्रश्न एकच आहे. उत्पादन अखंड वाढवीत न नेता समाजाला न्यायाने व समाधानाने जगता येईल काय?

कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. गांधीजींच्या सहवासात आल्यावर त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगांचे काम केले. प्रस्तुत ग्रंथ त्यांनी तुरुंगात लिहिला. कोळसा व खनिज तेल यांसारख्या सरत जाणाऱ्या साठ्यांवर उभे असलेले अर्थकारण हिंसेकडे नेते आणि निसर्गाच्या फिरत्या प्रवाहावर बेतलेले अर्थकारण टिकते, हा त्यांचा मूळ सिद्धांत. परोपजीवी वृत्तीपासून सेवावृत्तीपर्यंत त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. ग्रंथाचे बळ या नैतिक स्पष्टतेत आहे. त्याची उणीवही तेथेच आहे. मनुष्य आपली गरज ओळखून आपण होऊन थांबेल, यावर लेखकाचा विश्वास फार. न थांबल्यास काय करावे, याचे उत्तर तोकडे.

डेली यांनी हे उत्तर कायद्यात शोधले. निसर्गातून किती उपसा करावा याची कमाल मर्यादा शासनाने ठरवावी व तेवढेच परवाने लिलावाने द्यावेत. उत्पन्नाला किमान आणि कमाल अशा दोन्ही सीमा असाव्यात. आणि लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी अपत्यजन्माचे परवाने असावेत, जे विकता वा विकत घेता येतील. पहिल्या दोन सूचना विचारार्ह आहेत. तिसरी आम्ही साफ नाकारतो, आणि ती केवळ आमच्या श्रद्धेला रुचत नाही म्हणून नव्हे. बाजाराला लगाम घालावयास निघालेला लेखक येथे पाळण्यावरच बाजार भरवितो. असा परवाना प्रथम विकील तो गरीब, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही.

आता भोरकडे वळू. येळवंडी नदीवरील भाटघरचे धरण, म्हणजे आजचा येसाजी कंक जलाशय, १९२८ साली पूर्ण झाले. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी त्यात मावते. ते वीरमार्गे नीरेच्या दोन्ही कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. तेथे ऊस उभा राहतो, कारखान्यांची धुराडी पेटतात. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुणे शहर पिते. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरे गावचे बुडालेले शिवमंदिर वर येते आणि त्याच दिवसांत डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन पाणी शोधीत असतात. घरटी एक तरी माणूस पुण्या-मुंबईच्या वाटेला लागलेला. वाढीवाचून चाललेले अर्थकारण पाहावयाचे असेल, तर ते येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण त्याला ‘स्थैर्य’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल.

तर मग वाढ येथे आणावी काय? तीही एकदा आणून झाली. वरसगावच्या जलाशयाकाठी मुळशी व वेल्ह्याच्या गावांत लवासा नावाचे नगर उभे राहू लागले. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगराला उपेक्षाही सोसावी लागली आणि असली वाढही.

दोन्ही ग्रंथांतील मोठी फट येथे दिसते. मर्यादा असावी, हे ते पटवून देतात. पण ती प्रथम कोणी पाळावी, धरणाच्या वरच्यांनी की खालच्यांनी, याचा निवाडा त्यांत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात तो केला आहे. जगाच्या काही भागांनी आपली वाढ आवरून घ्यावी, म्हणजे इतरांच्या निकोप वाढीला साधने उरतील, असा त्यांचा आशय आहे. संयम आणि वाटप तेथे एकाच वाक्यात येतात.

आणि या विचाराला व्यवहाराचे रूप भोरच्या शेजारी, पुरंदर तालुक्यात, कधीच मिळाले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी वाटावयाचे. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जावयाचा नाही. आणि ऊस घ्यावयाचा नाही. डेलींची कमाल मर्यादा येथे आहे, पण लिलाव नाही. कुमारप्पांचा संयम आहे, पण तो प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. ग्रंथांनी जे दोन टोकांना ठेवले, ते गावाने एका नियमात बांधले.

मात्र नीरेच्या मोठ्या कालव्यांवर हा नियम कधी आला नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत बारमाही पिकांसाठी ठिबक वा तुषार सिंचनाची अट घालण्याची सोय केली. म्हणजे ऊस कसा भिजवावा एवढे सांगितले, किती असावा हे सांगितले नाही. काटकसरीने वाचलेले पाणी पुन्हा उसालाच जाणार असेल, तर ती मर्यादा कसली?

म्हणून आमचा अभिप्राय असा: दोन्ही ग्रंथ अवश्य वाचावेत, कुमारप्पांचा आधी. परंतु ‘वाढ पुरे’ हे वाक्य कालव्याच्या शेवटी, भरल्या शेतात उभे राहून उच्चारावयाचे आहे. कांबऱ्याच्या काठावर, रिकाम्या हंड्याशेजारी ते उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे आधी हंडा भरला पाहिजे.